साठीनंतरचा संकल्प

राजूरच्या गणपतीच्या दर्शनास जमलेल्या आम्हां वृद्धांत अंगारकीला प्रश्न निघाला : साठी उलटल्यावर विडी सोडून काय लाभ?

त्याचें उत्तर इतिहासांत आहे. १९५१ सालीं डॉल व हिल यांनीं सुमारें ३४,००० ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयी नोंदविण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला : सिगारेटनें आयुष्य सरासरी १० वर्षांनीं घटतें, मात्र पन्नाशींत ती सोडल्यास ६, साठाव्या वर्षीं सोडल्यासहि ३ वर्षें वाचतात. विडी कांहीं सिगारेटहून सौम्य नाहीं.

व्यसन सुटतांच एकदोन दिवसांत रक्तांतील विषारी कार्बन मोनॉक्साइड ओसरतो. वर्षभरांत हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारें निम्मा होतो. नातवंडांच्या सहवासाचीं तीन वर्षें थोडीं नव्हेत!