कोबीचे कूळ

मध्य इटलीच्या तोस्काना प्रांतात हिवाळ्यात जी पोटभरीची हंडी शिजते तिच्यात तीन जिन्नस प्रमुख असतात: ‘काव्होलो नेरो’ ही काळपट हिरव्या, सुरकुतल्या पानांची कोबीवर्गातील भाजी, रात्रभर भिजवून मंद आचेवर शिजवलेला पांढरा घेवडा, आणि ‘साल्सिच्चा’, म्हणजे आतड्याच्या नळीत मीठमसाला लावलेले डुकराचे मांस भरून केलेले सॉसेज. नेपल्समध्ये या पाल्याच्या जागी ‘स्कारोला’ नावाची कडसर भाजी येते, तोस्कानात उरलेल्या हंडीत शिळा पाव घालून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात व तिला ‘रिबोल्लिता’, म्हणजे पुन्हा उकळलेली, असे म्हणतात. पण पाला, कडधान्य आणि खारवलेले मांस हे त्रिकूट कायम राहते. या हंडीचा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या भाजीबाजाराशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. तरीही तो संबंध खरा आहे, आणि तो चवीचा नसून शब्दाचा आहे: इटालियन ‘काव्होलो’ आणि मराठी ‘कोबी’ ही एकाच लॅटिन आजीची नातवंडे आहेत.

ती आजी म्हणजे ‘काउलिस’. ग्रीक ‘काउलोस’शी नाते सांगणाऱ्या या शब्दाचा मूळ अर्थ देठ किंवा दांडा असा होता आणि रोमन लोक कोबीवर्गातील भाजीला, जी त्या काळी गड्डा न धरणारी, उंच दांड्याची व मोकळ्या पानांची होती, याच नावाने ओळखत. इटलीत काउलिसचा काव्होलो झाला, जर्मनीत कोल झाला, हॉलंडमध्येही कोल झाला, आणि पोर्तुगालमध्ये जे झाले ते मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पोर्तुगीज भाषेत दोन स्वरांमधला ‘ल’ गळून पडतो. लॅटिन ‘दोलोर’चे (दुःख) ‘दोर’ होते आणि ‘कोलोर’चे (रंग) ‘कोर’. त्याच नियमाने काउलिसमधला ‘ल’ गेला, दोन स्वर उघडेबोडके समोरासमोर आले आणि त्यांच्यामधली फट बुजवायला ‘व’ येऊन बसला, जसा तो ‘आउदिरे’पासून झालेल्या ‘ओविर’ (ऐकणे) या क्रियापदातही बसलेला आहे. अशा रीतीने ‘कोवे’ हा शब्द तयार झाला. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा घेतला त्यानंतर बी आणि नाव ही दोन्ही मांडवीच्या काठी उतरली. औंढ्याचे यादवकालीन मंदिर तोवर काही शतकांचे जुने झालेले होते. विसोबा खेचरांच्या शोधात जे नामदेव परंपरेनुसार औंढ्याला आले, त्यांनी कोबी हा शब्द कधी ऐकला नसेल आणि ती भाजीही पाहिली नसेल.

मराठी ‘कोबी’ पोर्तुगीज ‘कोवे’पासून आला, हे मत गोव्यातील आसगावचे विद्वान मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांच्या पोर्तुगीज शब्दांवरील 1913 च्या कोशापासून चालत आलेले आहे. परंतु त्याला दोन प्रतिस्पर्धी आहेत आणि दोघांनाही हलक्यात घेता येत नाही.

पहिला प्रतिस्पर्धी इंग्रजी ‘कॅबेज’ हा आहे. या शब्दाचे कूळच निराळे आहे: तो उत्तर फ्रान्समधील ‘काबोश’, म्हणजे डोके, या शब्दापासून आलेला असून त्याचे नाते दांड्याशी नव्हे तर गड्ड्याशी आहे. या मताच्या बाजूने गुजरातीतील ‘कोबीज’ हा शब्द पुढे करता येतो, कारण त्यातला शेवटचा ‘ज’ इंग्रजी नावातूनच आलेला असणार. मात्र गुजरातीत ‘कोबी’ हे रूपही नांदते, म्हणजे आधीच रुळलेल्या कोबीला इंग्रजी शेपूट नंतर जोडले गेले असा अर्थ लावणे अधिक सरळ ठरते. शिवाय कॅबेजमधला पहिला स्वर ‘अॅ’ आहे. मराठीने कॅबेजचा ‘कबीज’ किंवा ‘क्याबेज’ केला असता, त्यातून ‘ओ’कार निघण्याचे काही कारण दिसत नाही. बंगालीत ‘कोपि’, नेपाळीत ‘कोबी’, आणि पोर्तुगीजांचा दीर्घ सहवास लाभलेल्या सिंहलीत ‘गोवा’ अशी रूपे आहेत. या साऱ्यांत ‘ओ’कार आहे आणि त्यांतल्या एकातही ‘ज’ नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक बळकट आहे आणि तो औंढ्याच्या बाजारातच उभा आहे. मराठवाड्यात व विदर्भात ‘पानकोबी’च्या जोडीने ‘पत्तागोबी’ आणि ‘फुलगोबी’ हे शब्द सर्रास चालतात. ते हिंदी-उर्दू ‘गोभी’चे मऊ झालेले रूप आहे, आणि 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात ते रुजावे यात नवल नाही. हिंदी ‘गोभी’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘गोजिह्वा’, म्हणजे गायीची जीभ, या वनस्पतिनामाकडे नेली जाते. जिह्वेची जीभ होते तशी गोजिह्वेची गोभी झाली, असे हे मत आहे. ते मान्य केले तर गोभीपासून गोबी आणि गोबीपासून कोबी अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट दिसू लागते आणि पोर्तुगिजांची गरजच उरत नाही.

ही वाट आकर्षक असली तरी तिच्यावर भूगोलाचा आक्षेप आहे. कोबी हिंदीतून आला असता तर ‘ग’ असलेली रूपे सर्वत्र सापडायला हवी होती आणि ‘क’ असलेली रूपे अपवाद ठरायला हवी होती. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोव्यात, कोकणात आणि गुजरातेत ‘क’ ठाम उभा आहे, आणि ‘ग’ची रूपे हिंदी-उर्दूच्या सान्निध्यात, म्हणजे नागपूर, परभणी, हिंगोली या पट्ट्यात दाट होतात. आरंभीचा घोष ‘ग’ अघोष ‘क’ करण्याची मराठीला सवयही नाही; गोणी गोणीच राहते, गोफण गोफणच राहते. तेव्हा गोभी मराठीत पहिल्यांदा आली असती तर ती गोबी होऊन थांबली असती, आणि मराठवाड्यात ती नेमकी तशीच थांबलेली आहे. म्हणजे औंढ्याच्या बाजारात एकाच गड्ड्याची दोन नावे ऐकू येतात त्यांतले एक पश्चिमेच्या समुद्रावरून घाट चढून आलेले आहे आणि दुसरे उत्तरेच्या पठारावरून उतरलेले आहे.

पोर्तुगीज पक्षातही एक फट आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. पोर्तुगीज ‘शावे’ची मराठीत ‘चावी’ झाली; तिथे शेवटच्या ‘ए’चा ‘ई’ झाला, पण ‘व’ टिकला. मग कोवेची ‘कोवी’ का झाली नाही, ‘ब’ कोठून आला? एक उत्तर असे की उत्तर पोर्तुगालच्या बोलीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो, तिथला शेतकरी ‘व्हिन्यो’ला, म्हणजे वाइनला, ‘बिन्यो’ म्हणतो, आणि गोव्यात आलेल्या खलाशी-शिपायांत त्या भागातील माणसे होतीच. हे उत्तर पुरेसे असले तरी त्याहून समाधानकारक उत्तर मराठीच्या पोटात सापडते. देठावर फुटणाऱ्या नव्या अंकुराला मराठीत ‘कोंब’ म्हणतात. पानावर पान घट्ट मिटून बसलेला, आतून कोवळा असा गड्डा पाहणाऱ्याच्या तोंडी परक्या ‘कोवे’ला ‘कोंब’ने आपल्याकडे ओढून घेतले असावे. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाच्या ठशात बसवण्याच्या या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. हिंदीतही हेच घडले असे मानले तर गोजिह्वेचा तिढा सुटतो: उत्तरेत ‘गोभी’ नावाची एक रानभाजी आधीपासून होती, परका ‘कोबी’ तिथे पोचल्यावर त्या जुन्या नावाच्या अंगावर जाऊन बसला आणि त्याने ‘ग’ व ‘भ’ तिच्याकडून घेतले. काउलिसचा मूळ अर्थ दांडा आणि कोंब म्हणजे दांड्यावरचा अंकुर, हा योग मात्र निव्वळ योगायोग आहे, त्यावरून संस्कृत-लॅटिन एकत्वाचे इमले रचू नयेत.

लोकव्युत्पत्तीचा हा तर्क कल्पनाविलास नाही याचा पुरावा त्याच बाजारात दुसऱ्या टोपलीत असतो. नवलकोल या भाजीच्या नावात ‘नवल’ काही नाही. ते डच ‘क्नोलकोल’ आहे. ‘क्नोल’ म्हणजे गाठ किंवा कंद आणि ‘कोल’ म्हणजे पुन्हा तोच काउलिस. सतराव्या शतकात डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, आणि भारतातील इंग्रजांनीही पुढे ‘नोलखोल’ हेच रूप वापरले. जमिनीच्या वर, दांड्यालाच फुगून आलेला गोळा पाहून मराठी माणसाला नवल वाटले आणि ‘क्नोल’चा ‘नवल’ झाला. फ्लॉवरची कथा याच्या उलट आहे. ही भाजी 1822 मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आली असे मानले जाते. तिच्या इंग्रजी नावाचा पूर्वार्ध ‘कॉली’ हा काउलिसच होता, पण मराठीने नेमका तोच टाकून दिला आणि ‘फ्लॉवर’ ठेवला. फुलकोबी म्हणताना तो टाकलेला पूर्वार्ध पोर्तुगीज वेषात परत येतो.

गोजिह्वेचा विषय इथेच सोडता येत नाही, कारण त्यातच इटालियन हंडीशी असलेला दुसरा आणि अधिक जवळचा धागा दडलेला आहे. निघंटूंतील गोजिह्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याबद्दल वैद्यांत एकमत नाही. युनानी परंपरेत फारसी ‘गावजबान’, म्हणजे पुन्हा गायीची जीभच, वेगळ्या वनस्पतीला लावतात. परंतु महाराष्ट्रातील अनेक जाणकार गोजिह्वा म्हणजे पाथरी असे मानतात, आणि उत्तरेत पाथरीच्याच जातकुळीला ‘बनगोभी’ किंवा ‘जंगली गोभी’ म्हणतात. पाथरी मराठवाड्याच्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही: रब्बीच्या शेतात बांधाकडेने जमिनीलगत पसरणारी, दातेरी पानांची, पिवळ्या फुलांची आणि मोडली की पांढरा चीक सोडणारी ही कडसर भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्ची खातात किंवा डाळ घालून शिजवतात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत पाथरी ज्या गटात बसते त्याच गटात चिकोरी आणि नेपल्सची स्कारोला बसतात. चीक आणि कडवटपणा ही त्या सर्वांची खूण आहे. म्हणून एखाद्याला औंढ्यात राहून नेपल्सच्या हंडीच्या जवळ जायचे असेल तर त्याने बाजारातील गड्ड्यापेक्षा बांधावरच्या पाथरीकडे वळावे. नेपल्समध्ये ‘मिनेस्त्रा मारिताता’ नावाचा पदार्थ आहे. त्याचा अर्थ ‘लग्न लागलेले सूप’ असा असून लग्न लागते ते कडू पाल्याचे आणि मांसाचे.

हंडीतील उरलेल्या दोन जिनसांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. इटालियन ‘फाजोली’ आणि पोर्तुगीज ‘फेजांव’ हे दोन्ही लॅटिन ‘फासेओलुस’पासून आले, पण रोमन लोकांचा फासेओलुस बहुधा चवळी होता, कारण आजचा घेवडा-राजमा अमेरिकेतून कोलंबसानंतरच आला. आनिबाले काराच्ची याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या, आज रोमच्या कोलोन्ना वाड्यात असलेल्या चित्रात जो शेतकरी वाडग्यातून घास उचलतो आहे, त्याच्या वाडग्यातही काळ्या डोळ्यांची चवळीच दिसते. नव्या दाण्याने जुन्या दाण्याचे नाव घेतले. आणि हेच मराठीतही घडले, कारण घेवडा हे नाव आधी वालाच्या कुळातील देशी वेलाचे होते, ते श्रावणघेवड्याला मिळाले आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही. मात्र इथे पोर्तुगीज शब्द घाट चढला नाही. दाणा ओळखीचा वाटला तर परके नाव लागत नाही, आणि मराठीकडे वाल, पावटा, घेवडा अशी नावे आधीच भरपूर होती. मोकळ्या पानांच्या भाज्यांच्या देशात मिटलेला गड्डा मात्र अनोळखी होता, म्हणून त्याला परके नाव लागले.

सॉसेज तर घाटाच्या पायथ्याशीच थांबले. रोमन लेखक वारो सांगतो की सैनिकांनी हा पदार्थ दक्षिण इटलीतील लुकानी लोकांकडून उचलला, म्हणून त्याला ‘लुकानिका’ म्हणतात. स्पॅनिश ‘लोंगानिसा’ त्याचीच संतती आहे. गोव्याचा ‘चोरीस’ पोर्तुगीज ‘शोरिसो’पासून आला, परंतु शोरिसोचे मूळ वादग्रस्त आहे, खारवलेले या अर्थाच्या ज्या उत्तर-लॅटिन शब्दातून इटालियन साल्सिच्चा निघाला, त्यातूनच तो आला असे काहींचे मत आहे आणि अर्थाच्या दृष्टीने तेच पटते. गोव्यात या नळीत माडाचे व्हिनेगर आणि अमेरिकेहून आलेली मिरची शिरली, मण्यांच्या माळेसारखी ती उन्हात वाळू लागली, आणि लाल घेवड्याबरोबर शिजून तिचे ‘फेजुआद’ झाले. डुकराच्या मांसाला देशावरच्या बहुतेक स्वयंपाकघरांत वाट नव्हती, त्यामुळे पदार्थही आला नाही आणि शब्दही आला नाही.

औंढ्याजवळ कोबी पिकायला कधी लागला याबद्दल एक अंदाज मांडता येतो. काही कोसांवरचे हिंगोली एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होते, तिच्यावर इंग्रज अधिकारी होते, आणि छावणी तिथे विलायती भाजीचा मळा हा त्या काळचा शिरस्ता होता. मळ्यातल्या माळ्याने त्या भाजीला ‘कॅबेज’ म्हटले असते तर आज मराठवाड्यात कॅबेजचे काही ना काही अपभ्रष्ट रूप उरले असते. ते उरलेले नाही. उरली आहेत ती कोबी आणि गोबी ही दोनच नावे. मराठवाड्याच्या बोलींचा कोश करणाऱ्यांनी या दोन रूपांची सीमारेषा गावोगाव फिरून, पाथरीच्या स्थानिक नावांसह, नोंदवून घ्यावी. पत्तागोबी आणि पानकोबी एकाच टोपलीवरून ओरडल्या जातात तोवर हे काम सोपे आहे.