नवेगावबांधचे बेट आणि तळ्यांची परिभाषा

बेट या शब्दाबरोबर वाचकाच्या मनात समुद्र, वाळूचा किनारा, माडांची रांग आणि कोळ्यांची वस्ती ही चित्रे उभी राहतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या गोंदिया जिल्ह्याशी यांपैकी एकाचाही संबंध नाही. तरीही या जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक बेट आहे. त्यास किनारा आहे, समोरच्या काठावर जुनी गावे आहेत, आणि तेथे जाणाऱ्या प्रवाशास नावेचाच आश्रय घ्यावा लागतो. हे बेट नवेगावबांधच्या तलावात असून त्यास मालडोंगरी म्हणतात.

या नावातील उत्तरपद विचार करण्याजोगे आहे. चहूंकडून पाण्याने वेढलेल्या भूमीस डोंगरी म्हणण्याचे कारण उघड आहे. पाणी तेथे नव्हते तेव्हा ती डोंगरीच होती. भोवतालची दरी बांध घालून अडविली गेली, पाणी चढले आणि डोंगरीचे बेट झाले. परंतु लोकांनी नाव बदलले नाही. तलाव पाहावयास येणाऱ्यास तो निसर्गनिर्मित वाटतो, इतका त्याचा विस्तार मोठा आणि भोवतालचे अरण्य दाट आहे. हा मनुष्याच्या हातचा पदार्थ आहे, याचा पहिला पुरावा असा एका ग्रामनामात साठलेला आहे. नवेगावबांध हे नावही त्याच पुराव्याचा दुसरा भाग होय. त्यात नव्याने झालेली वस्ती आणि तिला आधारभूत असलेला बांध यांचा एकत्र उल्लेख आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस पुष्कळ पडतो. तथापि तो चार महिन्यांत पडून जातो. भाताच्या पिकास अखेरचे पाणी हवे असते ते लोंबी भरण्याच्या वेळी, आणि नेमक्या त्याच सुमारास पाऊस आवरता घेतो. या अडचणीतून तळ्यांचा जन्म झाला. दोन टेकड्यांमधील सखल भाग मातीच्या बांधाने जोडावयाचा, वरील अरण्यातून येणारे पाणी साठवावयाचे आणि खालच्या बांध्यांस ते वेळेवर पुरवावयाचे, ही त्याची सामान्य रीत. एका तळ्याचा सांडवा पुष्कळदा खालच्या तळ्याचा पुरवठा होतो. या विद्येत कोहळी ही शेतकरी जात विशेष निष्णात होती. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात कोहळ्यांची ओळख मोठ्या तलावांचे निर्माते म्हणूनच करून दिली आहे, व ऊस हे त्यांचे आवडते पीक असल्याचे नमूद केले आहे. कोहळी व पश्चिम किनाऱ्यावरील कोळी ही नावे उच्चाराने जवळची असली तरी त्यांचे व्यवसाय भिन्न आहेत. या तळ्यांत मासेमारी करणारे ते ढीवर. कोहळी बांध घालणारे व शेत कसणारे.

नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकात बांधविला, अशी परंपरा आहे. मृत्यूनंतर त्यास देवत्व प्राप्त झाले आणि तलावाजवळच्या टेकडीवर तो कोलासुर या नावाने पूजिला जाऊ लागला. भोवतालच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. दिवसाचे काम संपवून मजूर घरी परतले की या सात बहिणी रात्री येऊन बांधावर माती टाकीत, अशी कथा रसेलने दिली आहे. कोलासुराच्या टेकडीवरील काही पांढरट पिवळे दगड म्हणजे त्यांच्या टोपल्याच, असे लोक सांगत. ही कथा केवळ अद्भुत म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. महसुली कागदांत तलावाचा मालक कोण एवढेच सापडते. माती कोणी वाहिली हे सापडत नाही. कथेने मात्र पाटलाच्या कीर्तीशेजारी टोपली वाहणाऱ्या स्त्रियांना जागा ठेवली, आणि तीही देवतांची. लेखी साधने जेथे मौन पाळतात तेथे लोककथा श्रमाचा उल्लेख करते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तळ्यांविषयीची परिभाषा याच दृष्टीने पाहिली पाहिजे. बांधास येथे पार म्हणतात. झाडीबोलीत ळकाराच्या स्थानी रकार येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा पार प्रमाण मराठीतील पाळ याच शब्दाचे रूप असल्याचे स्पष्ट होते. झाडाभोवतालच्या पाराशी त्याचा घोटाळा करू नये. लहान तळ्यास बोडी म्हणतात. बांधातून पाणी सोडण्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेस तुडूम ही संज्ञा आहे. पाण्याची पातळी उतरत जाईल तसतशी खालची तोंडे मोकळी करावयाची असतात. तमिळमध्ये तूंबु व तेलुगूमध्ये तूमु हे शब्द पाणी सोडण्याच्या मार्गास लावतात. तेलुगू प्रदेशाची समीपता पाहता हे साम्य लक्षणीय आहे. तथापि मधल्या डकाराची उपपत्ती लागेपर्यंत ते साम्यच समजावे, व्युत्पत्ती नव्हे. पाण्याची वाटणी पाहणारा तो पाणकर. हा शब्द वस्तूचा नसून अधिकाराचा व जबाबदारीचा आहे, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाल्यावर त्या दशकातील जमाबंदीत गावच्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क देण्यात आले, आणि तळीही त्यांच्या नावे लागली. मात्र रयतेचे पाण्याचे परंपरागत हक्क वाजिब-उल-अर्ज या ग्रामपत्रात नोंदविले जात. मालगुजाराचा अंमल सौम्य होता असे मानण्याचे कारण नाही. वेठबिगार त्याच अंमलाचा भाग होती. परंतु तळे दुरुस्त राखण्यात मालक आणि रयत या दोघांचाही स्वार्थ होता. १९५० च्या कायद्याने हे मालकी हक्क रद्द झाले व ३१ मार्च १९५१ पासून तळी शासनाकडे आली. जुलमाचा अंत झाला हे न्याय्यच झाले. पण त्याबरोबर दुरुस्तीची जुनी व्यवस्थाही मोडली, आणि तिच्या जागी तेवढीच जवळची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. गाळ साचणे, पार खचणे आणि तळ्याच्या पोटात शेते शिरणे ही त्यानंतरची सर्वपरिचित लक्षणे होत.

या स्थित्यंतराची खूण भाषेत स्पष्ट उमटली आहे. पूर्व विदर्भातील साडेसहा हजारांवर तळ्यांना सरकारी दप्तरात माजी मालगुजारी तलाव हे नाव मिळाले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून मामा तलाव हा शब्द रूढ झाला. वास्तविक माजी झाला तो मालगुजार. तळे माजी झाले नाही. परंतु समासात ते विशेषण तळ्यास चिकटले. बांध, बोडी, पार, तुडूम यांतून तळ्याचे रूप किंवा कार्य कळते. मामा तलाव या संज्ञेतून केवळ एक संपुष्टात आलेला हक्क कळतो. पाणी कोणाचे व पार कोणी राखावी, याविषयी ती काहीच सांगत नाही.

१९७५ मध्ये नवेगावच्या अरण्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तेव्हापासून येथे येणारा प्रवासी प्रामुख्याने पक्षी व वन्य प्राणी पाहावयास येतो, आणि ते उचितच आहे. त्याच्या नावेतून दिसणारे बेट मात्र एका गावाच्या श्रमाने घडलेले आहे. झाडीबोलीचे शब्दसंग्रह करताना तळ्यांच्या परिभाषेस केवळ बोलीतील वैचित्र्य म्हणून स्थान देणे पुरेसे नाही. पाणकर कोणी नेमावयाचा, त्यास मोबदला कोणी द्यावयाचा, तुडूम कोणाच्या संमतीने उघडावयाचे, हे प्रत्येक शब्दाबरोबर गावोगाव नोंदविले पाहिजे. ती नोंद म्हणजे एका सामाईक व्यवस्थेचा इतिहास होय; आणि ज्या गावांस आपली तळी पुन्हा सांभाळावयाची आहेत, त्यांना त्या इतिहासाचा प्रत्यक्ष उपयोग आहे.