आर्ड्रोसनची तार

दूरच्या केंद्राशी संधान बांधायचे तर पैसा ट्रान्समीटरवर घालावा की तारेवर, हा हौशी रेडिओवाल्यांचा जुना वाद. माझ्या मते त्याचा निकाल डिसेंबर १९२१ मध्येच लागला.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकी हौशींचे संदेश ब्रिटनमध्ये कुणालाच ऐकू आले नव्हते. म्हणून अमेरिकन रेडिओ रिले लीगने पॉल गॉडली या जाणकारालाच तिकडे धाडले. स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला, समुद्राकाठच्या ओल्या शेतात त्याने तंबू ठोकला. सोबत सुपरहेटरोडाइन रिसीव्हर होता. पण मला खरे मोल वाटते ते बेव्हरेज अँटेनाचे. पुरुषाच्या दुप्पट उंचीचे खांब आणि त्यांवरून अमेरिकेच्या रोखाने ताणलेली सुमारे १३०० फूट तार, बस्स. उंच मनोऱ्याचा सोस नाही. तारेचे दूरचे टोक रोधातून जमिनीला जोडले की ती मुख्यतः एकाच दिशेचे ऐकते, बाकीची खरखर बरीचशी गळते. कनेक्टिकटचे ‘१बीसीजी’ केंद्र तिच्यावर उमटले. त्याची शक्ती सुमारे एक किलोवॉट, लहर २३० मीटरच्या आसपास.

दुतर्फा संवादाला मात्र नोव्हेंबर १९२३ उजाडला. नीसचा लेआँ देलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांनी तो साधला, तो थेट शंभर मीटरच्या आसपास उतरून. २०० मीटरखालचा हा पट्टा बड्या कंपन्यांनी निकामी ठरवला होता!