औंढा-नर्सीसाठी हिंगोलीत मुक्काम

परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याकडे पर्यटक क्वचितच वळतो. भाविक मात्र पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक अशी महाराष्ट्रातील श्रद्धा आहे (द्वारकेजवळच्या नागेश्वराविषयीही हीच श्रद्धा आहे). हेमाडपंती मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे घाईत पाहण्याजोगी नव्हेत. नंदी मंदिराच्या मागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देवालयच फिरले, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले तेही येथेच, असे परंपरा मानते.

गाभारा तळघरात असून तेथे अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. वृद्ध सोबत असतील तर गर्दी वाढण्यापूर्वी, सकाळीच पोहोचणे श्रेयस्कर. औंढ्यात भक्तनिवास आहे. परंतु संतांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सीही पाहायचे असल्यास हिंगोली शहरातील मुक्काम अधिक सोयीचा. औंढा तेथून सुमारे २५ किलोमीटर, नर्सी त्याहून जवळ. पूर्णा-अकोला मार्गावरील रेल्वे स्थानकही शहरातच आहे.

येथे पंचतारांकित थाटाची अपेक्षा नको. स्वच्छ खोली, पहाटे गरम पाणी आणि जिना चढू न शकणाऱ्यांसाठी लिफ्ट किंवा तळमजला, एवढे आधी विचारून घ्यावे. खोलीचा हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, हेही ठरवून घ्यावे. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यास त्यात निम्म्या दिवसाचा फटका बसतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र आगाऊ नोंदणीवाचून निघूच नये.