संगीताभ्यासाची साधने

आमच्या ज्ञातीतील होतकरू तरुण आम्हांस पुष्कळदा विचारतात की, संगीताच्या इतिहासाचा अभ्यास करावयाचा तर आधार कोठे शोधावा? आम्ही गवई नव्हे. आमचे आयुष्य शाळेत गेले. तथापि श्रवणाचा व वाचनाचा छंद आहे, त्या बळावर चार शब्द लिहितो.

पहिले साधन शास्त्रग्रंथ. ‘संगीतरत्नाकर’ हा तेराव्या शतकातील थोर ग्रंथ आपल्याच देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने रचिला. परंतु त्यातील शुद्ध स्वर व आजचे शुद्ध स्वर एक नव्हेत. नावे राहिली, अर्थ पालटला. हे न जाणता जो आजचा राग त्यात शोधील तो फसेल.

दुसरे साधन लिपिबद्ध चिजा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून चिजा मिळविल्या व ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. तरी स्वरलिपी हा गाण्याचा सांगाडा होय. गळ्याची मींड कागदावर पुरती उतरत नाही.

त्यासाठी तिसरे साधन ध्वनिमुद्रिका. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. मात्र त्या काळच्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. तीवरून मैफलीतील विस्ताराचे माप काढू नये.

चौथे साधन घरोघरची बाडे. येथे आम्हांस आपला अपराध सांगणे प्राप्त आहे. आमचे मामा भजनी गवयांकडून ऐकलेल्या चिजा उतरून घेत. कोणाकडून व केव्हा मिळाली, हेही टिपीत. त्यांच्या पश्चात घर रिकामे करिताना ते बाड आम्हीच रद्दीत घातले. अक्षर मोडी होते, आम्हांस वाचता येईना, एवढेच कारण! छापील ग्रंथाची दुसरी प्रत मिळते. त्या बाडाची दुसरी प्रत नव्हती.

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती की, घरात अशी वही असल्यास तीवर धन्याचे नाव व गाव लिहावे, मोडी जाणणाऱ्यास दाखवावी आणि नक्कल करून ठेवावी. तरुणांनीही प्रत्येक आधारास विचारावे: हे कोणी, कोणाकडून ऐकून, केव्हा लिहिले? उत्तर हाती येईपर्यंत निर्णय देण्याची घाई करू नये.