घरची कोंबडी : अंगणापासून रश्श्यापर्यंत

परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी मराठी घरे आता परदेशातही दिसतात. ताजी अंडी मिळतात, मुलांनाही त्यांचा लळा लागतो. पण दोन-तीन वर्षांनी कोंबडी अंडी देणे कमी करते, किंवा पिल्ले म्हणून आणलेल्यांपैकी एक-दोन चक्क कोंबडे निघतात आणि पहाटे आरवून शेजाऱ्यांची झोप मोडतात. मग पुढे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. गावी हे काम आजी-आजोबा किंवा शेजारचे काका करीत असत, इथे ते आपल्यालाच शिकावे लागते. म्हणून ही माहिती एके ठिकाणी देत आहोत.

आधी नियम पाहा

अमेरिकेत स्वतः पाळलेला पक्षी स्वतःच्या कुटुंबासाठी आणि घरी आलेल्या पाहुण्यांसाठी कापायला केंद्रीय तपासणी लागत नाही. मात्र ते मांस विकता येत नाही. याशिवाय शहराचे नियम वेगळे असतात. काही ठिकाणी कोंबडा पाळायला, तर काही ठिकाणी घरी पक्षी कापायला मनाई असते. त्यामुळे आपल्या शहराच्या कचेरीत आधी विचारून घ्यावे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारी नोंदणी सक्तीची आहे. तिथे पक्षी कशा पद्धतीने मारावा याचेही नियम आहेत, ते वाचूनच पुढे जावे.

कोणता पक्षी खाऊ नये

आजारी, मलूल किंवा आपोआप मेलेला पक्षी कधीही खाऊ नये. अमेरिकेत २०२२ पासून बर्ड फ्लूची मोठी साथ पसरली आणि तिचा फटका घरगुती कोंबड्यांनाही बसला. एकाएकी पक्षी मरू लागले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवावे. कोंबडीला औषध दिले असेल तर मांस किती दिवस खायचे नाही हे बाटलीवर लिहिलेले असते. तेवढे दिवस थांबलेच पाहिजे.

कापण्यापूर्वी आणि कापताना

आदल्या रात्रीपासून, म्हणजे ८ ते १२ तास, दाणे बंद ठेवावेत. पाणी मात्र द्यावे. पोट रिकामे असले की साफ करताना घाण मांसाला लागत नाही. पक्षी रात्री खुराड्यातून शांतपणे उचलून वेगळा ठेवावा. पळवून, दमवून पकडू नये. घाबरलेल्या पक्ष्याला यातना होतात आणि मांसही बिघडते.

पहिल्यांदा हे काम पुस्तक वाचून एकट्याने करू नये. जाणकार माणसासोबत उभे राहून शिकावे. अमेरिकेत प्रत्येक भागातील कृषी विस्तार केंद्रात याची माहिती मिळते. पत्र्याच्या नरसाळ्यात पक्षी उलटा ठेवला की पंख आवळले जातात आणि तो शांत राहतो. सुरी अतिशय धारदार हवी. जबड्याच्या लगेच खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका झटक्यात कापल्या गेल्या पाहिजेत. बोथट सुरी किंवा डळमळणारा हात असेल तर त्याचे हाल होतात. ज्याचे मन धजत नाही त्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही. नंतरची फडफड ही स्नायूंची असते. रक्त पूर्ण निथळायला दोन-तीन मिनिटे द्यावीत.

मुलांनी त्या कोंबडीला नाव ठेवलेले असेल तर त्यांना आधी खरे सांगावे. ताटात वाढल्यावर कळले तर ती फसवणूक वाटते. ज्याला खायचे नसेल त्याला आग्रह करू नये.

पिसे काढणे आणि साफ करणे

मोठ्या पातेल्यात ६३ ते ६५ अंश सेल्सिअस (सुमारे १४५ ते १५० फॅरनहाइट) पाणी तापवून पक्षी पाऊण ते एक मिनिट बुडवावा आणि हलवत राहावा. शेपटीचे पीस सहज निघाले की बाहेर काढावा. पाणी उकळते असेल तर कातडे शिजून फाटते. उरलेली बारीक लव विस्तवावर भाजून काढतात. आपल्याकडे त्याआधी हळद चोळायची पद्धत आहे.

मग डोके, पाय आणि शेपटीवरची तेलाची गाठ काढावी. गळ्याजवळची दाण्याची पिशवी सैल करावी. शेपटीखाली अगदी उथळ छेद देऊन आतडी अलगद बाहेर ओढावीत. आतडे किंवा कलेजीला चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, पित्त लागलेला भाग कडू होतो. कलेजी, हृदय आणि पेठा ठेवावा. पेठा मधोमध चिरून आतले खडे व पिवळा पापुद्रा काढून टाकावा. अंड्यावरच्या कोंबडीत लहानमोठ्या पिवळ्या बलकांचा घोस मिळतो, तो रश्श्यात फार छान लागतो.

थंड करणे

साफ झालेली कोंबडी लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवून चार तासांच्या आत ४ अंश सेल्सिअसच्या (४० फॅरनहाइट) खाली आणावी. काही तासांत मांस आखडते. म्हणून २४ ते ४८ तास फ्रीजमध्ये झाकून ठेवावी, म्हणजे ते पुन्हा सैल पडते. त्याहून जास्त ठेवायची तर फ्रीझरमध्ये टाकावी. सुरी, पाट, ओटा आणि हात साबणाने धुवावेत.

गावठी कोंबडीचा रस्सा

दुकानातली ब्रॉयलर साधारण सहा-सात आठवड्यांची असते, म्हणून पाव-अर्ध्या तासात शिजते. दोन वर्षांच्या कोंबडीचे मांस चिवट असते. तिला ओव्हनमध्ये भाजू नये, मंद आचेवर पाण्यात शिजवावी. चव सारी त्या रश्श्यात उतरते.

साहित्य : सव्वा किलो कोंबडी, ४ कांदे, १ वाटी सुके खोबरे, २ चमचे आले-लसूण वाटण, ३ चमचे मालवणी मसाला, १ चमचा धणे, १ चमचा खसखस, ४ लवंगा, ६ मिरे, दालचिनी, हळद, मीठ, तेल. (संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथे काजू वापरावेत आणि भारतातून येताना सामानात खसखस आणू नये.)

कृती : तुकड्यांना हळद, मीठ, आले-लसूण लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवावे. दोन कांदे बारीक चिरून तेलावर परतावेत, त्यात तुकडे घालून पाणी सुटेपर्यंत परतावे. झाकणावर पाणी ठेवून तेच गरम पाणी लागेल तसे घालीत दोन ते तीन तास मंद शिजवावे. कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर ३० ते ४० मिनिटे पुरतात. मांस हाडापासून सुटू लागले की झाले. उरलेले कांदे, खोबरे आणि खडा मसाला खमंग भाजून वाटावा. वाटण व मालवणी मसाला घालून १५ मिनिटे उकळी द्यावी. कलेजी, पेठ्यापैकी पेठा सुरुवातीलाच घालावा. कलेजी आणि बलक शेवटच्या दहा मिनिटांत घालून पूर्ण शिजवावेत.

सोबत वडे, भाकरी किंवा नुसता गरम भात. कोवळा कोंबडा असेल तर वेळ निम्मा करावा, मात्र मांसाच्या आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस (१६५ फॅरनहाइट) झाल्याशिवाय उतरवू नये.