मायनर लीगची मैदाने : भिंतीवरचा बैल आणि नदीकाठचा पाळणा

क्रिकेटमधील सीमारेषेचे अंतर मैदानागणिक बदलते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. बेसबॉलमध्ये ही मोकळीक आणखी पुढे गेलेली दिसते. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट आणि चेंडू फेकणाऱ्या पिचरपासून होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच ही अंतरे जगभर सारखीच असतात. त्यापलीकडचे मैदान किती खोल असावे आणि त्याला वेढणारी भिंत किती उंच असावी, हे मात्र बऱ्याच अंशी उपलब्ध जागाच ठरविते. या मोकळिकीतून निर्माण झालेल्या गमतीजमती पाहावयाच्या असतील, तर न्यूयॉर्क वा बोस्टनच्या भव्य स्टेडियमपेक्षा अमेरिकेतील लहान शहरांची मैदाने अधिक उपयोगी पडतात. ही मैदाने मायनर लीगची आहेत.

मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या ३० संघांसाठी खेळाडू घडविणारी कनिष्ठ श्रेणी. येथील गुणी खेळाडू वर्ष-दोन वर्षांत वरच्या श्रेणीत जातो, बाकीचे खेळ सोडून निघून जातात. त्यामुळे प्रेक्षकाने जीव लावावा असा खेळाडू गावात फार काळ टिकत नाही. टिकते ते मैदान. या मैदानांच्या वैशिष्ट्यांवर गावकऱ्यांचे इतके प्रेम का असते, याचे उत्तर येथेच आहे.

धूर सोडणारा बैल

नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम हे एके काळचे तंबाखूच्या व्यापाराचे शहर. येथील ‘डरहॅम बुल्स’ संघाच्या जीवनावर बेतलेला ‘बुल डरहॅम’ हा चित्रपट १९८८ साली प्रदर्शित झाला. त्याच्या चित्रीकरणासाठी मैदानाच्या भिंतीवर बैलाचे एक मोठे चित्र उभारण्यात आले होते. बैलावर चेंडू मारा आणि स्टेक मिळवा, अशा अर्थाची सूचना त्यावर होती. चित्रीकरण संपले, पण लोकांनी बैल सोडला नाही. १९९५ साली संघ जुन्या तंबाखू कारखान्यांशेजारच्या नव्या मैदानावर आला, तेव्हा तेथेही ३२ फूट उंचीच्या निळ्या भिंतीवर नवा बैल आला. यजमान संघाच्या खेळाडूने होम रन मारली की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. त्याच्या पायाखालच्या गवतावर चेंडू लागला तर बक्षीस सॅलडचे, हा शाकाहारी विनोदही आता तेथे कायमचा झाला आहे.

टेकडीने आखलेली सीमा

त्याच राज्यात डोंगरांच्या कुशीत अॅशव्हिल शहर वसले आहे. तेथील मॅकॉर्मिक फील्ड १९२४ साली सुरू झाले. मैदानामागे टेकडी असल्याने उजव्या बाजूची सीमा होम प्लेटपासून अवघ्या २९७ फुटांवर आली. १९५८ नंतर बांधलेल्या व्यावसायिक मैदानांत हे अंतर किमान ३२५ फूट असावे, असा नियम आहे. १९९२ साली प्रेक्षागार नव्याने बांधले गेले, परंतु टेकडी हलविणे शक्य नव्हते. सोप्या होम रनना आळा घालण्यासाठी तेथे उंच भिंत उभी आहे. या संघाचे नाव ‘टूरिस्ट्स’, म्हणजे पर्यटक. पाहुण्या संघासाठी धावफलकावर ‘व्हिजिटर्स’ लिहिले की दोन्ही संघ बाहेरगावचेच वाटू लागतात, आणि अॅशव्हिलकरांना ही थट्टा मनापासून आवडते.

नॅशव्हिलच्या जुन्या ‘सल्फर डेल’ मैदानाची कथा याहून विलक्षण होती. तेथे उजव्या बाजूची सीमा केवळ २६२ फुटांवर होती आणि तिच्याकडे जाणारी जमीन चढणीची होती. क्षेत्ररक्षकाला उतारावरच उभे राहून झेल घ्यावे लागत. १९६९ साली हे मैदान पाडण्यात आले. त्याच जागी २०१५ साली नवे स्टेडियम उभे राहिले. संगीतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराने तेथे गिटारच्या आकाराचा धावफलक बसविला आहे.

जुन्या इमारतींच्या सोबतीने

१९९० साली मेजर लीग आणि मायनर लीग यांच्यातील करारात मैदानांसाठी किमान दर्जा ठरविण्यात आला. त्यानंतर अनेक शहरांनी नवी स्टेडियम बांधली. यांपैकी काहींनी नवे बांधताना जुने पाडले नाही. केंटकीतील लुईव्हिल येथे २००० साली सुरू झालेल्या मैदानात प्रेक्षक शिरतात ते रेल्वेच्या मालाच्या जुन्या विटांच्या शेडमधून. ओहायोतील टोलेडो येथे २००२ साली उघडलेल्या मैदानात उजव्या कोपऱ्यातील खुर्च्या शेजारच्या जुन्या इमारतींना लगटून, जणू घरट्यासारख्या बसविल्या आहेत.

अलाबामातील माँटगोमेरी येथील २००४ चे मैदानही रेल्वेच्या एका जुन्या मालगोदामाला सामावून उभे आहे. तेथील संघाचे नाव ‘बिस्किट्स’. आपल्याकडे चहात बुडवून खातात ते हे बिस्किट नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोणी लावून खाल्ला जाणारा तो एक मऊ पाव असतो. सामना सुरू असताना हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून हे पाव प्रेक्षकांत उडविले जातात.

नदी आणि समुद्र

आयोवातील डॅव्हनपोर्ट येथे १९३१ चे मैदान मिसिसिपी नदीच्या अगदी काठावर आहे. १९९३ च्या महापुरात ते पाण्याखाली गेले होते. २००४ च्या नूतनीकरणात पूर अडविणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या भिंतीची सोय झाली. त्यामुळे पुढील पुरांत मैदान बेटासारखे पाण्याने वेढले गेले, तरी आतील हिरवळ वाचली. २०१४ साली येथे ११० फूट उंचीचा जत्रेतल्यासारखा फिरता पाळणा उभारण्यात आला. त्यात बसून सामना, पूल आणि नदीचे पात्र अशी तिन्ही दृश्ये एकदम पाहता येतात.

मेन राज्यातील पोर्टलँड हे बंदराचे शहर. तेथील हॅडलॉक मैदान १९९४ साली सुरू झाले. बोस्टनच्या फेन्वे पार्कमधील प्रसिद्ध हिरव्या भिंतीची ३७ फूट उंचीची प्रतिकृती २००३ साली येथे उभी करण्यात आली. बोस्टनला पोहोचण्याची आकांक्षा असलेल्या तरुणाला त्या भिंतीची सवय येथेच लागावी, हा त्यामागचा व्यवहार. मात्र गावाची खरी खूण वेगळी आहे. यजमानांनी होम रन मारली की भिंतीमागून एक दीपगृह वर येते.

दोरीला बांधलेली बरणी

ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथील मॅकॉय स्टेडियममध्ये खेळाडूंची बसण्याची जागा प्रेक्षकसज्जाच्या खाली होती. स्वाक्षरीसाठी हात पोहोचत नसे. मग मुले दुधाची प्लॅस्टिकची बरणी कापून, तीत चेंडू व पेन ठेवून दोरीने खाली सोडत. खेळाडू स्वाक्षरी करून दोरीला हिसका देत. याच मैदानावर १८ एप्रिल १९८१ रोजी सुरू झालेला सामना दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी ३२ व्या डावानंतर थांबविण्यात आला. त्या वेळी कडाक्याच्या थंडीत १९ प्रेक्षक शिल्लक होते. २३ जून रोजी तो पुढे सुरू झाला आणि ३३ व्या डावात पॉटकेटने ३-२ असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वाधिक लांबलेला सामना होय. पुढे संघ २०२१ साली वूस्टर येथे गेला आणि २०२५ साली स्टेडियम पाडण्यात आले.

इतिहासाची साक्ष

सर्वच वैशिष्ट्ये हसविणारी नाहीत. अलाबामातील बर्मिंगहॅमचे रिकवुड फील्ड १८ ऑगस्ट १९१० रोजी सुरू झाले. अमेरिकेतील हे सर्वांत जुने व्यावसायिक मैदान. येथे गोऱ्यांचा ‘बॅरन्स’ आणि कृष्णवर्णीयांचा ‘ब्लॅक बॅरन्स’ असे दोन संघ वेगवेगळे खेळत, आणि प्रेक्षकांची आसनेही वर्णानुसार विभागलेली असत. १९४८ साली विली मेज हा किशोर येथूनच पुढे आला. २० जून २०२४ रोजी मेजर लीगने येथे सन्मानार्थ सामना खेळविला, तेव्हा मेज यांच्या निधनास दोनच दिवस झाले होते.

फ्लोरिडातील डेटोना बीच येथील १९१४ चे मैदान आज जॅकी रॉबिन्सन यांच्या नावाने ओळखले जाते. इतर गावांनी दारे बंद केली असताना या गावाने १७ मार्च १९४६ रोजी त्यांना गोऱ्या खेळाडूंसोबत खेळू दिले. पुढच्या वर्षी ते मेजर लीगमध्ये पोहोचले.

पुढे काय?

२०२१ साली मेजर लीगने मायनर लीगची पुनर्रचना करून संलग्न संघांची संख्या सुमारे १६० वरून १२० वर आणली. मैदानांच्या सोयींच्या अटीही कडक केल्या. खेळाडूंना चांगले कपडेघर, व्यायामशाळा आणि प्रकाशव्यवस्था मिळावी, ही मागणी रास्तच आहे. पण तिचा भार अखेर छोट्या शहरांच्या तिजोरीवर पडतो. संघ गमावण्याच्या भीतीने अॅशव्हिलला २०२३ साली मैदानाच्या नूतनीकरणाचा खर्च मान्य करावा लागला. व्हरमाँटमधील बर्लिंग्टनचा संघ संलग्न श्रेणीतून बाहेर पडला. आता १९०६ पासून खेळ पाहणाऱ्या तेथील सेंटेनियल फील्डवर उन्हाळ्यात महाविद्यालयीन खेळाडू खेळतात.

बैल, पाळणा आणि दीपगृह नव्या स्टेडियममध्येही बसविता येतात. टेकडीने आखून दिलेली सीमा आणि सज्जातून सोडलेली बरणी मात्र कोणत्याही आराखड्यात आधी लिहिता येत नाही. अडचणीशी जुळवून घेता घेता गावाने ती मिळविलेली असते. अशी मैदाने जपावयाची की नव्या दर्जासाठी सोडून द्यावयाची, हा निर्णय आज अमेरिकेतील अनेक नगरपरिषदांसमोर आहे.